दीड हजार टी-शर्टांची ऑर्डर, आणि एक बुजगावणं

सिन्नरच्या अलीकडे, सोंगून झालेल्या बाजरीच्या रानात एक बुजगावणं राहून गेलं होतं. डोक्याला मडकं, आडव्या काठीला हिरवा टी-शर्ट. ज्या कंपनीच्या भेटीला मी निघालो होतो, तिचाच लोगो त्याच्या छातीवर. मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात वाटलेला माल. कॉलर उन्हाने पांढरी पडली होती, बाह्या फाटल्या होत्या, पण पॉलिस्टर काही कुजत नाही. रबर प्रिंटमधलं कंपनीचं नाव रस्त्यावरून वाचता येत होतं. मी गाडी थांबवून फोटो काढला.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. माझा धंदा कंपन्यांना टी-शर्ट, टोप्या, पिशव्या पुरवण्याचा. ही कंपनी जैविक खतं आणि जिवाणू संवर्धकं बनवते, नाशिक आणि नगर जिल्ह्यांत तिचे डीलर आहेत. मालकांना सगळे नाना म्हणतात. मार्केटिंग त्यांची मुलगी बघते, ती ताई. मागणी सरळ होती: डिसेंबरात पुण्याजवळच्या मोशीच्या कृषी प्रदर्शनासाठी दीड हजार टी-शर्ट, रंग कंपनीचा गडद हिरवा, पुढे मोठा लोगो, पाठीवर ‘मी पर्यावरणपूरक टी-शर्ट घातलाय!’. ताईंची एकच जादा अट होती. मागच्या वर्षीचा माल साधा पॉलिस्टर होता आणि एका शेतकऱ्याने स्टॉलवरच टोमणा मारला होता, “खत सेंद्रिय अन् अंगात प्लास्टिक?” या वेळी कापड खरोखर पर्यावरणाला धरून हवं. बजेट मात्र जुनंच. ११० रुपयांच्या दराने १,६५,००० रुपये.

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. नाना हसले. ताई हसल्या नाहीत.

सगळ्यात आधी बाटल्यांचा विषय निघाला. २०२३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत पुनर्वापर केलेल्या पेट बाटल्यांपासून बनवलेलं जॅकेट घातलं, तेव्हापासून निम्मी गिऱ्हाईकं ‘ते बाटल्यांचं कापड’ मागतात. मी ते विकतोही. मॅरेथॉनसाठी, सायकल क्लबसाठी ते चांगलं. घाम लवकर वाळतो, वजन कमी. पण इथे दोन अडचणी होत्या. आपल्याकडे पेट बाटलीला भंगारवाला पैसे देतो, ती उकिरड्यावर फार काळ टिकत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. टी-शर्ट झाला की तिचा प्रवास बहुधा तिथेच संपतो, आणि प्रत्येक धुण्यात बारीक तंतू पाण्यात जातात ते वेगळंच. दुसरी अडचण याहून साधी. हे कपडे घालणारा माणूस उन्हात काम करणारा. एप्रिलच्या दुपारी निफाडच्या रानात पॉलिस्टर घालून एक तास उभं राहून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

नानांचा प्रश्न जास्त अवघड होता. “आपलेच शेतकरी कापूस लावतात. त्यांच्याच कापसाचे टी-शर्ट का नाही करत?” ऐकायला फार छान. पण कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथे गाठी बांधल्या जातात, एका गाठीत १७० किलो रुई. सूतगिरणी वेगवेगळ्या भागांतल्या गाठी मिसळून सूत काढते, कारण तिला वर्षभर एकसारखा धागा द्यायचा असतो. दीड हजार टी-शर्ट म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो कापड, दोन गाठींचा खेळ. दोन गाठींसाठी कोणती गिरणी मशिन रिकामं करून देईल? आणि तसं झालं असतं तरी तो कापूस सेंद्रिय ठरला नसता. देशात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज जवळजवळ सगळं कापूसक्षेत्र बीटीचं आहे. सेंद्रिय प्रमाणपत्राला जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. म्हणजे नानांचं खत वापरून, रासायनिक फवारणी टाळून पिकवलेला कापूससुद्धा बियाण्यापाशीच बाद.

खादीचं नाव निघालं, पण लगेच मागे पडलं. ‘खादी’ हा शब्द छापायला खादी मार्क लागतो. हातसुताचं, हातमागाचं कापड आमच्या बजेटात आणि पाच आठवड्यांत बसणारं नव्हतं.

काडेपेटी आणि कागद

सेंद्रिय कापसाचे तयार टी-शर्ट मिळतात का, म्हणून तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्या पुरवठादाराने २१० रुपयांचा भाव दिला. सेंद्रिय कापसाच्या मानाने इतका कमी की मला आनंदाऐवजी शंका आली. नमुना आला, त्यावर ‘१००% ऑर्गॅनिक कॉटन’ अशी चिठ्ठी, सोबत गॉट्सच्या, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या, प्रमाणपत्राची झेरॉक्स.

आमच्या दुकानात यावर जुना उपाय आहे. शिवणीच्या आतून पाच-सहा धागे ओढायचे, चिमट्यात धरायचे आणि काडी लावायची. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो, ज्योत विझल्यावरही टोक लाल राहतं आणि बोटात चुरली की मऊ राख होते. हे धागे जळताना आक्रसले, काळा धूर आला आणि टोकाला मोहरीएवढी कडक गुठळी उरली. नखाने फुटेना. पॉलिस्टर मिसळलेलं कापड. ताई समोरच होत्या, त्यांनी ती गुठळी कागदात बांधून पर्समध्ये टाकली.

पण काडेपेटीने एवढंच कळतं की सूत आहे की नाही. सेंद्रिय आहे की नाही, हे जाळून कळत नाही, हाताला लावून कळत नाही, आणि रंगवून धुतलेल्या कापडावर प्रयोगशाळेतही छातीठोकपणे सांगणं कठीण. सगळी भिस्त कागदावर. आणि कागदातही फरक असतो. त्या माणसाने दिलेला कागद होता ‘स्कोप सर्टिफिकेट’. अमुक कारखान्याला प्रमाणित माल बनवण्याची परवानगी आहे, एवढंच तो सांगतो. हाच माल प्रमाणित आहे हे सांगणारा कागद वेगळा, ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’, आणि तो प्रत्येक खेपेगणिक निघतो. त्यावर किलो लिहिलेले असतात, बिल नंबर असतो, घेणाऱ्याचं नाव असतं. आमच्या झेरॉक्सवर कारखाना दुसऱ्याच गावचा होता आणि मुदत मार्चमध्येच संपली होती. फोन केल्यावर साहेब म्हणाले, “अहो, सगळे असंच देतात.”

सगळे देत नाहीत, पण बरेच देतात हे खरं. २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच जाहीर केलं होतं की बनावट कागदपत्रांच्या आधारे भारतातला सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून प्रमाणित झाला. वरच्या पातळीवर हे चालतं, मग शंभर-दोनशे टी-शर्ट घेणाऱ्याला कोण विचारतो?

तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या दुसऱ्या पुरवठादाराकडे मात्र कागद नीट होते. प्रमाणपत्राचा नंबर गॉट्सच्या सार्वजनिक यादीत टाकून बघितला, जुळला. तयार साठ्यातल्या मालाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटही निघत होतं. १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा टी-शर्ट, छापून ३४० रुपयांना पडत होता. दीड हजार नगांचे झाले ५,१०,०००. नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

याच वेळी हिरव्या रंगाचाही निकाल लागला. कंपनीचा तो खास गडद हिरवा तयार साठ्यात नव्हता, वेगळा रंगवून घ्यावा लागला असता. गडद रंग म्हणजे जास्त रंगद्रव्य आणि सुती कापडावर तो बसवायला जास्त मीठ. हेच खारं, रंगीत पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत सोडल्यामुळे २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरची रंगाईची युनिटं बंद करायला लावली होती. त्यानंतर तिथे पाणी बाहेर न सोडण्याची अट पाळणं भाग पडलं, मोठाले शुद्धीकरण प्रकल्प सुधारावे लागले. ते पाणी साफ करायला पैसा लागतो आणि वीजही. थोडक्यात, हिरवा दिसणारा टी-शर्ट रंगवायला काही फार हिरवा नव्हे. साठ्यात फिका राखाडी होता, तो घ्यायचं ठरलं.

घालणार कोण?

इथपर्यंत आम्ही कापडाभोवतीच फिरत होतो. खरा प्रश्न फील्ड ऑफिसरने विचारला. पोरगा येवल्याकडचा, महिन्यातले वीस दिवस मोटारसायकलवर. तो म्हणाला, “दादा, प्रदर्शनात टी-शर्ट घेणारा शेतकरी तो घालत नाही. घरी नेतो. पोराला मोठा होतो, म्हाताऱ्याला आवडत नाही. मग गाडी पुसायला.” किंवा बुजगावण्याला, मी मनात म्हटलं. पुढे तो म्हणाला, “रानात कपड्याची गरज बायांना असते. नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवतात साडीवर.”

हे आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. कांदा लावणीला, कापूस वेचायला, द्राक्षबागेत काम करायला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं. ऊन लागू नये, पानांनी हात चिरू नयेत, साडी मळू नये म्हणून. गावोगाव दिसणारा हा कामाचा गणवेश, पण कोणत्याही कंपनीने तो भेट म्हणून दिलेला मी तरी बघितला नव्हता. सगळे टी-शर्ट देतात, कारण प्रदर्शनाला पुरुष येतात.

ताईंनी त्याच दिवशी दीड हजारांचा आकडा खोडला. नवी यादी अशी झाली. स्टॉलवरच्या आणि फिरतीच्या ६० माणसांना प्रत्येकी दोन सेंद्रिय सुती टी-शर्ट, कारण ते वर्षभर घालणार: १२० नग, ४०,८०० रुपये. २२० डीलरांना टी-शर्ट नाहीच. दुकानात बसणाऱ्या माणसाला खिशाचा शर्ट लागतो, पेन कुठे ठेवायचं? त्यांना सोलापुरी टॉवेल, १६० रुपयांचा, लोगो छापलेला नाही तर काठात विणलेला. शाईचा प्रश्नच मिटला आणि टॉवेल-टोपी देऊन मान करण्याची आपल्याकडची रीतही सांभाळली गेली. ३५,२०० रुपये. आणि शेतात राबणाऱ्या बायांसाठी २५० सुती फुलशर्ट, इचलकरंजीचं कापड, शिलाई एका बचत गटाची, २६० रुपये नग, म्हणजे ६५,०००. तिन्ही मिळून १,४१,०००. नमुने, छपाईच्या स्क्रीन, वाहतूक धरून १,५५,००० च्या आसपास गेलं. नग ५९०. सीएंनी एक गोष्ट मध्येच लक्षात आणून दिली: फुकट वाटलेल्या वस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तेव्हा हिशेब करासकट धरा. बरेच जण हे मार्चमध्ये शोधून काढतात.

फुलशर्टाचं कापड सेंद्रिय नव्हतं. साधं सुती. ताईंना ते आधी खटकलं. माझं म्हणणं असं की दोन पावसाळे अंगावर निघणारा साधा सुती शर्ट हा एकदाही न घातलेल्या प्रमाणित टी-शर्टापेक्षा बरा. एका टी-शर्टाला २,७०० लिटर पाणी लागतं हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो सरासरीचा आहे. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावरचा, ठिबकवरच्या किंवा पाटाच्या पाण्यावरच्या कापसाचा हिशेब त्याला लागत नाही. तेव्हा असे आकडे पाठीवर छापून मिरवण्यात अर्थ नाही.

माझी स्वतःची चूकही सांगतो. न रंगवलेलं, नैसर्गिक पांढरट कापड घ्यावं असा आग्रह मी धरला होता. रंग नाही, मीठ नाही, सांडपाणी नाही. बचत गटाच्या शिलाईघरात नमुना नेला. काज-बटण करणाऱ्या मावशींनी तो एकदा वर धरला, झटकला आणि खाली ठेवला. “पांढरा? चिखलात?” बस, एवढंच. त्यांच्यातल्या तिघी स्वतः लावणीला जात होत्या. मग रंग ठरला मातकट, मळखाऊ. छातीला एकच खिसा असतो त्याऐवजी खाली दोन हवेत, कारण वाकल्यावर वरच्या खिशातून मोबाइल सटकतो. मनगटाला बटण नको, इलॅस्टिक हवं, ओल्या हातांनी बटण लागत नाही. लांबी कमरेच्या खाली चार बोटं. ही सगळी दुरुस्ती एका दुपारी झाली आणि माझ्या बावीस वर्षांच्या धंद्यात एवढं नेमकं ब्रीफ मला कोणत्याही एजन्सीने दिलेलं नाही.

शाई आणि शब्द

छपाईत सगळ्यांचा पाय घसरतो. कापड महागाचं घ्यायचं आणि त्यावर रबर प्रिंट मारायचा. रबर प्रिंट, म्हणजे प्लास्टिसॉल, ही मुळात पीव्हीसीची शाई. कापडावर थर बसतो, इस्त्री लागली की चिकटतो, वर्षभरात तडकतो. पाण्यातली शाई धाग्यात मुरते, हाताला लागत नाही. मात्र ती गडद कापडावर उठत नाही. राखाडीवर आणि मातकटावर गडद तपकिरी शाई, लोगो छातीवर नाही तर बाहीवर आणि मागे कॉलरखाली, दोन इंचांचा. नानांना तो फार लहान वाटला. मी विचारलं, “नाना, तुम्ही स्वतः छातीवर खताच्या पोत्यासारखं नाव असलेला शर्ट घालाल का?” त्यांनी दोन इंच मान्य केले.

पाण्यातल्या शाईला भट्टीत पुरेसा वेळ मिळावा लागतो, आधी पाणी उडून जायचं आणि मग शाई पक्की व्हायची. छपाईवाल्याने घाईत पट्टा जोरात चालवला. माल हातात आल्यावर मी ओलं पांढरं फडकं घेऊन छपाईवर दहा वेळा घासलं. पहिल्या गठ्ठ्यात फडकं कोरं, दुसऱ्यात कोरं, तिसऱ्या गठ्ठ्यात तपकिरी. त्या गठ्ठ्यातले ४० शर्ट परत भट्टीतून काढावे लागले. माल वाटून झाल्यावर हे कळलं असतं तर पहिल्या धुण्यात नाव गेलं असतं आणि वर ‘पर्यावरणपूरक म्हणजे असंच’ हेही ऐकावं लागलं असतं.

पाठीवरची घोषणा गेली. २०२४ च्याच ऑक्टोबरात, १५ तारखेला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची हरित दिशाभुलीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली होती. ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’ असले मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरायचे नाहीत. खतं विकणाऱ्या कंपनीने टी-शर्टाच्या पाठीवर असा दावा का ओढवून घ्यावा? गॉट्सचं चिन्हही आम्ही कुठे लावलं नाही. टी-शर्ट प्रमाणित होता, पण आमचा छपाईवाला प्रमाणित नव्हता. साखळीतली एक कडी सुटली की ते चिन्ह लावता येत नाही. ताई जरा हिरमुसल्या. एवढे पैसे मोजून सांगायचंच नाही? शेवटी आतल्या पट्टीवर दोनच वाक्यं छापली: ‘कापड शंभर टक्के सुती. छपाई पाण्यातल्या शाईची.’ कोणीही काडेपेटी घेऊन यावं आणि तपासावं.

तिरुपूरहून माल एकेक नग प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतो, टाचणी, क्लिप, कॉलरखाली पट्टी. तसा नको, दहा-दहाचे गठ्ठे करा म्हणून लेखी कळवलं होतं. तरी निम्मे पिशव्यांतच आले. बचत गटाचे शर्ट मात्र उरलेल्या कातरणीच्या नाड्यांनी बांधून आले, न सांगता.

पुढे

प्रदर्शनात विक्रीविभाग नाराज होता, आणि त्यांचं चूक नव्हतं. शेजारच्या स्टॉलवर टोप्यांची खैरात चालली होती, आमच्याकडे वाटायला काही नाही. नोंदवहीत शेतकऱ्यांची नावं मागच्या वर्षीच्या निम्म्यावर आली. ही किंमत आम्ही आधी हिशेबात धरली नव्हती. फुकट टी-शर्टासाठी नाव लिहिणारा गिऱ्हाईक होतो का, यावर नाना आणि विक्रीचे साहेब यांच्यात अजून वाद आहे.

फुलशर्ट प्रदर्शनात वाटलेच नाहीत. जानेवारीत कांदा लावणी चालू असताना फील्ड ऑफिसरांनी मुकादमांमार्फत टोळ्यांना दिले, मापं आधी विचारून. एका टोळीला दिले आणि बांधापलीकडच्या टोळीला नाही, म्हणून दोन गावांत कुरबुरही झाली. मार्च-एप्रिलमध्ये काढणीच्या वेळी मी दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरलो. मातकट शर्ट रानात दिसत होते, काहींची कोपरं विटलेली, एकीने मनगटाचं इलॅस्टिक काढून नाडी घातलेली. टॉवेलांचं जे झालं ते आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. तीन डीलरांनी टॉवेल दुकानातल्या आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, साहेबांच्या खुर्चीवर असतो तसा. काठातलं कंपनीचं नाव नेमकं गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर.

गोदामात १७ नग उरले, सगळे टी-शर्ट, सगळे सर्वांत लहान मापाचे. त्यांच्यावर वर्ष किंवा प्रदर्शनाचं नाव छापलेलं नसल्यामुळे नव्या भरतीला देता येतील.

जूनमध्ये ताईंचा फोन आला. पुढची ऑर्डर फक्त फुलशर्टांची, ४०० नग. “आणि दादा, खिसा अर्धा इंच रुंद करा. मोबाइल मोठे झालेत, आडवा घातला तर अडकतोय म्हणतात.”